आधी जेवू दे

बाबा चष्म्याची डबी शोधत होते. बस डेपोतल्या मेकॅनिकांना दिवसभर पळवणारा हा फोरमन घरात मात्र एका डबीपुढे हतबल झाला होता. उशा उलट्या झाल्या, कपाटाचे खण उपसून झाले, आईच्या शिवणयंत्राखाली वाकून पाहून झालं. नवी कोरी डबी खिडकीत, अगदी त्यांच्या नाकासमोर होती. पण जुनी डबी आईच्या पायाखाली येऊन फुटली, ती तिने गुपचूप फेकून दिली आणि तिच्या जागी ही नवी आणून ठेवली, यातलं त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. त्यामुळे ते जुनी शोधत होते आणि खिडकीतली दुसऱ्या कुणाची तरी असेल म्हणून सोडून देत होते.

"या घरात मला कुणी काही सांगतच नाही," बाबा म्हणाले. हे ते इतक्यांदा म्हणायचे की आता ते कुणाला ऐकूही येत नसे.

मुलीने बॅग खांद्याला लावता लावता आईला डोळ्यांनीच विचारलं, सांगून टाकतेस का.

"आधी जेवू दे त्यांना," आई ओठांतल्या ओठांत म्हणाली.

ही त्या घरातली जुनी रीत होती. बाबा मनाने वाईट नव्हते, पण त्यांचा पारा कधी चढेल याचा नेम नसे, आणि चढला की जो बातमी घेऊन येईल तोच आधी धारेवर धरला जाई. म्हणून घरातली प्रत्येक वाईट बातमी जेवणापर्यंत थांबायची. जेवण झालं की बाबा असे काही निवांत होऊन पाय पसरून बसत की त्या समाधानावर पाणी ओतणं सगळ्यांच्याच जिवावर यायचं. मग ती बातमी दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत थांबायची.

अशीच एक मोठी बातमी गेले दोन महिने थांबलेली होती. मामा दुसऱ्या शहरात रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत होता. त्याने भाचीसाठी तिथे शब्द टाकला होता, मुलाखत फोनवरच झाली होती आणि जागा तिला मिळालीही होती. अट एवढीच की कॉलेजचं शेवटचं सत्र पहिल्या फटक्यात पास व्हायला हवं. बाबांना मामाचे उपकार नको असत, आणि मुलगी घराबाहेर राहायला जाणार हे तर त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मायलेकींनी रोज रात्री ठरवावं की उद्या सांगू, आणि रोज बाबांनी पोटभर जेवून ढेकर द्यावा, असं चाललं होतं. मुलीने स्वतःची समजूत घातली होती की आधी पास तर होऊ, मग बघू. आणि पास होणं अडलं होतं ते एका ग्रुप प्रोजेक्टवर.

त्या ग्रुपचं नाव काढलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

गटात चौघं होती. बाकी तिघांनी तिचं नाव पहिल्याच आठवड्यात 'कप्तान' ठेवलं होतं आणि तिने ते कौतुक समजून ठेवून घेतलं होतं. दुसरा लांबू. हा उंचीने एवढा की वर्गाच्या दारातून वाकून यायचा, आणि स्वभावाने एवढा गरीब की दाराची माफी मागेल असं वाटायचं. तिसरा वकील, ज्याला कुठल्याही गोष्टीला फाटे फोडल्याशिवाय चैन पडत नसे. चौथी मावशी. वयाने सगळ्यांत लहान, पण हिच्या पिशवीत सुईदोऱ्यापासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत सगळं सापडायचं आणि भांडण दिसलं की ही मध्ये पडायची.

काम ऐकायला सोपं होतं. कॉलेजच्या फाटकापाशी जमिनीत एक दगड पुरलेला होता, त्याची उंची कागदोपत्री ठरलेली होती. तिथून निघायचं, वर्कशॉपच्या मागून, कालव्याच्या कडेने, मैदानाला वळसा घालून वाटेतल्या जागांच्या उंच्या मोजत मोजत परत त्याच दगडाशी यायचं. आलं की हिशोब करायचा. निघताना दगडाची जी उंची धरली तीच परत येताना निघाली पाहिजे. नखाएवढा फरक चालेल, त्याहून जास्त आला की सगळं काम केरात.

मोजायला दोन वस्तू. तिपाईवरचं दुर्बिणीचं यंत्र आणि आकडे रंगवलेली एक उंच पट्टी. यंत्रातून पट्टीवरचा आकडा वाचायचा. पट्टी लांब गेली की यंत्र उचलून पुढे न्यायचं आणि नव्या जागेवरून तीच पट्टी परत वाचायची. सगळी मेख इथे होती. यंत्र हलत असताना पट्टी जिथल्या तिथे राहिली पाहिजे. ती जागा बदलली तर तिथून पुढचा प्रत्येक आकडा चुकीचा, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

दोनदा त्यांचं गणित फसलं होतं. पहिल्यांदा वकिलाने सातच्या जागी एक लिहिला, मग त्यावर गिरवून सात केला, मग स्वतःलाच शंका येऊन पुन्हा एक केला. कप्तानने त्याला सगळ्यांदेखत असं झापलं की बाजूच्या गटातली पोरं काम थांबवून बघत राहिली. दुसऱ्यांदा मावशीचा पाय तिपाईला लागला होता आणि ते तिने सांगितलं थेट संध्याकाळी, चहा पिऊन झाल्यावर. तेव्हाही कप्तानने तिचा उद्धार केला. मग तिने सगळ्यांची कामं काढून घेतली. वाचणार मी, लिहिणार मी, हिशोब करणार मी. लांबूने फक्त पट्टी धरायची, मावशीने यंत्रावर छत्री धरायची, वकिलाने सामान उचलायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

आणि आज तिसरा दिवस, शेवटचा. सूर्य मावळताना मॅडम फाटकापाशी येणार होत्या. आकडे जुळवून टाकायचीही सोय नव्हती. मॅडम वाटेतला कुठलाही एक तुकडा बोट ठेवून निवडायच्या आणि समोर उभं राहून पुन्हा मोजून घ्यायच्या. गेल्या वर्षी एक अख्खा गट असा पकडला जाऊन वर्ष गमावून बसला होता.

सकाळी निघतानाच लांबू घुटमळत म्हणाला, "कप्तान, खडू आहे का गं? पट्टी ठेवतो तिथे खूण केली असती."

खडू तिच्या खिशात होता. पण यंत्र सपाट बसलं की नाही ते दाखवणारा बुडबुडा काही केल्या मध्ये येत नव्हता आणि डोक्यात मामाचा सकाळचा फोन घोळत होता. त्याच्या कंपनीच्या साहेबांना उद्या सकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं.

"एक दगड लक्षात ठेवायला खडू लागतो तुला?" ती वर न बघता म्हणाली. "डोकं दिलंय ना, वापर की जरा."

लांबूने मान डोलावली आणि पट्टी खांद्यावर टाकून चालू लागला.

सकाळ बरी गेली. निदान कप्तानला तसं वाटलं. वकील एकदाही बोलला नाही, हे तिला शुभलक्षण वाटलं. मावशीने छत्री अशी घट्ट धरली होती की तिची बोटं पांढरी पडली होती. कालव्याच्या वाटेवर एका पाण्याच्या टँकरने हॉर्न वाजवून कान किटवले, तेव्हा कप्तान यंत्र उचलून पुढच्या वळणाकडे निघालेली होती. तिने मागे वळून पाहिलं, तर धुरळ्यात लांबू पट्टी धरून उभा दिसला. तिने यंत्र लावलं, आकडा वाचला, लिहिला आणि हाताने पुढे चल म्हणून खूण केली. लांबूने एक हात वर करून कसलीशी खूण केली. हा नेहमीच हात हलवत असतो, असं म्हणून तिने दुर्बिणीवरून डोळा काढला.

दुपारी मैदानाच्या कडेला झाडाखाली त्यांनी डबे उघडले. त्या दिवशी तिघंही जरा जास्तच गोड वागत होती. मावशीने सावलीची जागा तिला दिली आणि आपलं अर्धं केळं पुढे केलं. वकिलाने तिच्या अक्षराची तारीफ केली, ही गोष्ट एरवी तिने नोंदवून ठेवली असती. लांबू तेवढा खाली मान घालून घास चिवडत होता.

"काय रे, बरं नाही का तुला?" तिने विचारलं.

"नाही, तसं काही नाही," लांबू म्हणाला आणि मावशीकडे बघितलं. मावशीने मान किंचित हलवली आणि पाण्याची बाटली कप्तानच्या हातात दिली. ऊन उतरायला लागलं होतं, पोट भरलं होतं, आकडे सुरेख ओळीत बसले होते. कित्येक दिवसांनी कप्तान हसली आणि म्हणाली की आपला गट वाटतो तेवढा वाईट नाही. यावर तिघंही डबे आवरायला लागली.

उरलेला वळसा घालून ती फाटकापाशी पोहोचली तेव्हा सूर्य बराच वर होता. शेवटचा आकडा वाचून ती फाटकाच्या कठड्यावर बसली आणि हिशोब करू लागली. बेरीज झाली, वजाबाकी झाली. तिने परत केली. मग फोनवर केली. फरक नखाएवढा नव्हता. चांगला वीतभर होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पेन कठड्यावर आपटलं आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. आपण एकटीने किती आणि काय काय करायचं. आकडे आपण वाचायचे, आपण लिहायचे, तुम्हाला नुसतं उभं राहायचं होतं, तेही जमत नाही. उद्या सकाळी माझं काय होणार आहे याची कल्पना तरी आहे का कुणाला. तिघं ओळीने उभी राहून ऐकत होती, शाळेतल्या पोरांसारखी.

"काहीतरी झालंय आणि ते तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर दिसतंय. या गटात मला कुणी काही सांगतच नाही."

"सांग रे," मावशी हळूच म्हणाली.

लांबूने घसा खाकरला. "कालव्यापाशी तो टँकर आला ना. तो अगदी अंगावर आला गं, म्हणून मी पट्टी उचलून बाजूला झालो. तो गेल्यावर परत ठेवली. पण तिथे दोन दगड आहेत शेजारी शेजारी, सारखेच दिसणारे. धुरळा इतका होता की आधी कुठल्यावर होती ते नीट कळेना. म्हणून मी हात वर केला. तोवर तू वाचून मोकळी झाली होतीस, मग म्हटलं, असेल तोच दगड."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

लांबूने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने मावशीकडे.

"तो तेव्हाच येत होता सांगायला," मावशी म्हणाली. "मीच थांबवलं. म्हटलं, आधी तिचं जेवण होऊ दे."

कप्तानने वही मिटली.

"मग तू जेवलीस," वकील म्हणाला. आज प्रथमच तो फाटे न फोडता बोलत होता. "जेवल्यावर तू हसलीस. मग कुणाची हिंमत होणार?"

हे वाक्य तिने आयुष्यभर ऐकलं होतं, पण आईच्या तोंडून, ओठांतल्या ओठांत, आणि नेहमी दुसऱ्या कुणाबद्दल. तिला खिडकीसमोर उभे राहून जुनी डबी शोधणारे बाबा दिसले. मावशीने तिपाईचं सांगितलं ते चहा झाल्यावर. वकिलाने सात आणि एकचं कबूल केलं ते डबे आवरल्यावर. तिला वाटलं होतं ही पोरं आळशी आहेत, यांना सगळं उशिरा सुचतं. त्यांना वेळेवरच सुचत होतं. तिघं मिळून तिच्यासाठी तेच करत होती जे ती आणि आई मिळून घरी करत होत्या, आणि तेवढ्याच सफाईने करत होती. तिला लाज वाटली. आणि लाज वाटल्याचा पुन्हा राग आला.

राग गेला नव्हताच, तो असा सांगून थोडाच जातो. लांबूला गदागदा हलवावं असं तिला वाटत होतं. तिने हात खिशात कोंबले, तर बोटांना खडू लागला. तो तिथे सकाळपासून होता.

"चला," ती म्हणाली. "ते दोन दगड दाखव मला."

कालव्यापाशी तिने मध्ये यंत्र लावलं आणि दोन्ही दगडांवर आळीपाळीने पट्टी ठेवायला लावली. दोन्हींच्या उंचीत वीतभर फरक होता, तेवढाच जेवढा हिशोबात आला होता. म्हणजे दगडापर्यंतचं काम बरोबर होतं, त्यापुढचं सगळं चुकलेलं होतं. तिने खडू लांबूच्या हातात दिला. फरकावरून जो खरा ठरला त्या दगडावर त्याने एवढी मोठी फुली काढली की रस्त्यावरून दिसावी. वही तिने वकिलाकडे दिली, कारण उजेड पळत होता आणि वाचून लिहिण्यात वेळ जात होता. देताना तिची बोटं वहीवरून सुटायला तयार नव्हती, हे वकिलाने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मग उरलेल्या अर्ध्या वळशाभर तिचा छळ झाला. सांगायचं म्हटल्यावर तिघांनी सांगायचा सपाटाच लावला. लांबू दुरून ओरडायचा, थांब, मला शिंक आली, परत वाच. परत वाचलं की ओरडायचा, आता पट्टी सरळ आहे पण मघाशी होती का ते माहीत नाही. मावशीने सांगितलं की तिचा पाय तिपाईला लागला नाही, पण लागला असता. वकील प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणून दाखवायचा आणि दर चार आकड्यांनी विचारायचा, हा सातच ना. प्रत्येक वेळी तिच्या ओठांवर काहीतरी जहरी यायचं. दोनदा तर ते बाहेरही पडलं. दोन्ही वेळा मागून मावशी शांतपणे म्हणाली, "बघ, आम्ही सांगायचं बंद करू." आणि कप्तानला दातओठ खात म्हणावं लागलं, "नको, सांगा."

मॅडम आल्या तेव्हा वकील हिशोबाची शेवटची ओळ लिहीत होता. फरक नखाहूनही कमी निघाला. मॅडमनी वही चाळली आणि कालव्याच्या पानावर थांबल्या. तिथे आधीचे सगळे आकडे एका रेघेने खोडलेले होते.

"हे काय?"

"माझी चूक झाली मॅडम, पट्टी हलली," लांबू पुढे होऊन म्हणाला.

"त्याने सकाळी खडू मागितला होता," कप्तान म्हणाली. "माझ्याकडे होता. मी दिला नाही."

मॅडमनी चौघांकडे एकदा पाहिलं, खोडलेल्या पानावरच बोट ठेवलं आणि तो तुकडा समोर मोजून घेतला. जुळला. त्यांनी सही केली. लांबूने आनंदाने पट्टी उंच धरली, ती झाडाच्या फांदीत अडकली आणि ती सोडवताना वकील त्याच्यावर खेकसला. सगळं जाग्यावर आलं होतं. कप्तानला मात्र हलकं वाटत नव्हतं. पास झाली, म्हणजे आता लपायला जागा उरली नव्हती.

घरी पोहोचली तेव्हा बाबा हात धुऊन पुसत होते. ताट मांडलेलं होतं. नवी डबी खिडकीत होती तशीच होती. आईने मुलीच्या चेहऱ्यावर सगळं वाचलं आणि लगबगीने वाढायला घेत डोळ्यांनी खूण केली, आत्ता नको.

"बाबा," ती म्हणाली, "तुमची जुनी डबी फुटली. खिडकीतली तुमचीच आहे, नवी."

बाबांच्या कपाळावर आठी उमटली. "मग सकाळी सांगायला काय..."

"थांबा, आणखी एक आहे. मला नोकरी लागली आहे. मामाच्या कंपनीत, त्याच्या शहरात. आज मी पास झाले. उद्या सकाळी त्यांना कळवायचं आहे. मला जायचं आहे, बाबा."

आईच्या हातातली पळी भांड्यावरच थांबली. मुलगी आरडाओरड्याची वाट बघत उभी राहिली. तिने उत्तरं तयार ठेवली होती, मामाबद्दलची, राहायच्या सोयीबद्दलची. पण आवाज चढला नाही. बाबांनी टॉवेलची घडी घातली, ती उलगडली, परत घातली.

"हे केव्हापासून ठरलंय?"

"दोन महिने झाले."

"हिला माहीत होतं?"

आईने पळी भांड्यात ठेवली. बाबांनी ताटाकडे पाहिलं. व्यवस्थित वाढलेलं, त्यांना आवडतं तसं, वाफा निघत असलेलं ताट होतं.

"म्हणजे दोन महिने," ते म्हणाले, "तुम्ही मला नुसतं जेवायला घालताय."

मुलीने खाली बसून ताट हळूच बाजूला सरकवलं, आणि बाबा तिच्यासमोर बसले.